पास कोणाच्या नावाचा

सरकारी बँकेत बढतीचं पत्र एकटं येत नाही, बदलीला सोबत घेऊन येतं. माझं आलं मे 2016 मध्ये. स्केल दोनमधून तीनमध्ये बढती, आणि नाशिकच्या शाखेतून थेट मुंबईला, फोर्टमधल्या कार्यालयात नेमणूक. थोरली दहावीत जाणार होती, धाकटा आठवीत. बढती नाकारता येते, पण नाकारली की पुढची काही वर्षं आपलं नाव यादीत येत नाही. शिवाय सांगायला कशाला लाजू, मला ती हवी होती. रात्री जागून परीक्षा दिली होती.

मुलांच्या शिक्षणाचं कारण देऊन अर्ज केला. ‘आधी रुजू व्हा, मग बघू’ हे उत्तर ज्याला मिळालं नाही असा बँक अधिकारी मला अजून भेटायचा आहे. नियम वाचले तर मुलांचा विचार केलेला दिसतो. बदल्या शक्यतो एप्रिल ते जूनमध्ये कराव्यात असा रिवाज आहे, आणि शाळेच्या वर्षाच्या मध्येच बदली झाली तर बारावीपर्यंतची मुलं असलेल्या अधिकाऱ्याला त्यासाठी वेगळा भत्ताही मिळतो. पण दहावीचं वर्ष आपल्याकडे जूनमध्ये सुरू होतं हे फक्त सरकारी कॅलेंडरला माहीत आहे. नववीची परीक्षा संपली की एप्रिलमध्येच क्लासवाले भूमिती शिकवायला घेतात. माझं पत्र आलं तेव्हा लेकीचे दोन धडे होऊन गेले होते आणि क्लासच्या फीचा पहिला हप्ताही. त्यातून दहावीला नव्या मुलाला थेट प्रवेश द्यायला शाळा सहसा तयार नसतात. लेकीला हलवायचा प्रश्न तिथेच मिटला.

मग उरले दोन मार्ग. दादरला कुठे पेइंग गेस्ट म्हणून राहायचं आणि शनिवार-रविवार घरी यायचं, किंवा रोज अप-डाउन. नवरा बाहेरगावी नोकरीला आणि आठवड्याने घरी, हे चित्र आपल्याकडे कोणालाच खटकत नाही. आई आठवड्याने घरी येते म्हटल्यावर मात्र सोसायटीतल्या बायका मुलांना ‘आज जेवण कोणी केलं?’ असं मुद्दाम विचारतात. मी त्यांना घाबरून अप-डाउन निवडलं असं नाही. दहावीची पोर रात्री घरी आहे आणि आई नाही, हे मलाच झेपणारं नव्हतं. सासूबाई घरात होत्या, नवऱ्याचं स्वतःचं काम होतं. अंबड-सातपूरच्या कारखान्यांतली मापन-उपकरणं तपासून द्यायची, कॅलिब्रेशन करायचं, असा त्याचा छोटा धंदा. त्यामुळे त्याच्या वेळा थोड्या वाकवता येत. आपण रोज घरी आलो की झालं, असं मी धरून चालले.

पंचवटी एक्स्प्रेस मनमाडहून सहाच्या सुमारास सुटते आणि लासलगाव, निफाड करत सातच्या आसपास नाशिक रोडला लागते. नाशिक रोड म्हणजे नाशिक नव्हे, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. आमच्या गंगापूर रोडच्या घरापासून स्टेशनपर्यंत स्कूटरवर अर्ध्या तासाच्या वर जायचा. उन्हाळ्यात काही वाटत नाही. डिसेंबरात निफाडकडून येणाऱ्या त्या गारठ्यात हँडल धरलेल्या बोटांना काही कळेनासं होतं. घर सोडायचं सव्वासहाला, मुंबईत उतरायचं साडेदहाच्या पुढेमागे. परतीची गाडी सीएसएमटीहून संध्याकाळी सव्वासहाची. घरात पाऊल पडायला सव्वादहा. ज्या दिवशी सगळं वेळेवर चाललं, त्या दिवशीचा हा हिशेब.

गाडीतल्या जागांचं आपलं एक राजकारण असतं. मनमाड-लासलगावचे बसून येतात, नाशिककरांच्या जागा ग्रुपप्रमाणे वर्षानुवर्षं ठरलेल्या. नव्या माणसाने पहिले काही आठवडे इगतपुरीपर्यंत उभं राहायचं, कोणाच्या बॅगेला धक्का लावायचा नाही, पत्ते खेळणाऱ्यांच्या मध्ये बोलायचं नाही. मग एक दिवस कोणीतरी सरकून म्हणतं, ‘बसा मॅडम’. त्या दिवशी तुम्ही पासधारक झालात. तिकीट खिडकीवर काढलेला पास त्याआधीचा असला तरी. मला सरकून जागा दिली ती मंत्रालयात नोकरी करणाऱ्या, निवृत्तीला आलेल्या एका मावशींनी. त्यांनी कसारा घाट अर्धं आयुष्य रोज दोनदा पाहिला होता. मुलं कितवीत आहेत विचारलं आणि मी सांगितल्यावर त्या म्हणाल्या, ‘चुकीच्या वयात अप-डाउन घेतलंस ग. पोरं लहान असताना सोपं असतं. ती उठायच्या आत निघायचं, झोपल्यावर यायचं, सासू सांभाळते. मोठी झाली की रात्री जागी असतात. खरं कठीण तेव्हा असतं.’

मला ते तेव्हा उलटं वाटलं. सगळे म्हणतात, मुलं मोठी झाली, आता आई मोकळी. महिन्याभरात मावशींचं म्हणणं पटायला लागलं. लहान मुलाला काय हवं ते ठरलेलं असतं आणि ते दुसऱ्या कोणालाही देता येतं. पंधरा वर्षांच्या मुलीला काय हवंय ते तिलाच रात्री साडेदहाला, आपण ताट घेऊन बसल्यावर, स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभं असताना सुचतं. ‘काही नाही ग’ म्हणून सुरुवात होते. तेव्हा आपले डोळे मिटत असतात, कारण पावणेपाचचा गजर लावलेला असतो. आपण घरी असतो, पण असून उपयोग नसतो.

धाकट्याने त्याच्यापुरता मार्ग काढला होता. संध्याकाळी कल्याण सुटलं की मी त्याला फोन करायची. अभ्यास, डबा, ग्राउंड, हो, नाही, हं. मग खर्डी गेली की त्याला अचानक कंठ फुटायचा. गणितात किती कमी पडले, सरांनी कशावरून उभं केलं, मित्राशी काय बिनसलं, सगळं धडाधड दोन वाक्यांत. कारण कसाऱ्यानंतर घाट लागतो, बोगद्यांत फोन तुटतो आणि आईला ओरडायला वेळच मिळत नाही. कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिनं जोडतात, सदतिसास एक असा तो चढ, 1865 पासून गाड्या तो चढतायत. माझ्या घरात मात्र कसारा हे कबुलीजबाबाचं स्टेशन होतं. इगतपुरी येईपर्यंत माझा राग ओसरलेला असे, हे त्याला कसं कळलं होतं कोण जाणे.

8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री आठ वाजता पंचवटी कसाऱ्याच्या आसपास होती. पंतप्रधान बोलतायत एवढं कोणाच्या तरी मोबाईलवर आलं, पाचशे-हजाराबद्दल काहीतरी, आणि सिग्नल गेला. डब्यात निम्मे लोक बँकेतले किंवा सरकारी. घाटभर सगळे एकमेकांकडे बघत बसलो. इगतपुरीला एकाच वेळी सगळे फोन वाजायला लागले. माझ्या फोनवर साहेबांचा निरोप होता, उद्या जमेल तितक्या लवकर पोचा. घरी पोचले, आणि त्यानंतरचे जवळजवळ दोन महिने मी घरी राहत होते असं म्हणणं अवघड आहे. करन्सी चेस्टांचे अहवाल, शाखांचे फोन, रोज बदलणारी परिपत्रकं. सव्वासहाची गाडी सुटायची. मग अमरावती एक्स्प्रेस, नाहीतर देवगिरी, आणि देवगिरीने नाशिक रोडला उतरेपर्यंत मध्यरात्र उलटलेली असायची. त्याच स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर नोटांचा छापखाना जादा पाळ्यांत नव्या पाचशेच्या नोटा छापत होता. उतरल्यावर रिक्षावाले मला विचारायचे, ‘मॅडम, तुम्ही प्रेसमध्ये का?’ काही रात्री मी मुंबईतच मैत्रिणीकडे राहिले. लेकीची पूर्वपरीक्षा त्याच सुमाराची. तिला त्रास झाला का? तिने बरे गुण मिळवले. पण त्या काळात रात्री दाराला टेकून उभं राहणं तिने बंद केलं, आणि ते पुन्हा सुरू व्हायला बराच वेळ लागला.

मुंबईकडे बिऱ्हाड हलवायचं, हे जानेवारीतच ठरलं. दहावीचा शेवटचा पेपर झाला की घर बघायचं. सगळे नातेवाईक म्हणाले, योग्य वेळ आहे. दहावी झाली, अकरावीला नवं कॉलेज तसंही असणारच. हे सगळं लेकीच्या बाजूने होतं, आणि खरं होतं. धाकट्याच्या वेळापत्रकाची चौकशी कोणी केली नाही, कारण नववीला जाणाऱ्या मुलाला काही वेळापत्रक असतं असं आपल्याकडे कोणी मानत नाही.

घर कुठे घ्यायचं यावर मात्र खूप खल झाला. ठाण्यात भाडं परवडेना. मुंबईचा तर प्रश्नच नव्हता. नवऱ्याचं काम नाशिकच्या कारखान्यांत. ते उचलून मुंबईत आणता येत नाही, पंधरा वर्षांची गिऱ्हाइकं असतात. मग वेळापत्रकात तपोवन एक्स्प्रेस सापडली. ती सकाळी मुंबईहून नांदेडला निघते, सातनंतर कल्याणला येते आणि पावणेदहाच्या आसपास नाशिक रोडला सोडते. संध्याकाळी सहाच्या सुमाराला तीच परतीची. म्हणजे मी ज्या घाटाने मुंबईला जात होते, त्याच घाटाने तो उलटा नाशिकला जाणार, आठवड्यातले तीन-चार दिवस. कल्याण गाठायला सोपं म्हणून डोंबिवली. अकरा महिन्यांचा करार, डिपॉझिट, दलालाला एका महिन्याचं भाडं. सासूबाई आल्या नाहीत. ‘मला रोज गंगेवर जायला लागतं, तुमच्या डोंबिवलीत गंगा कुठे?’ म्हणाल्या (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात) आणि दिराकडे राहिल्या. त्यांचं बरोबर होतं.

जून 2017 मध्ये सामान उतरवलं. महिनाभराने एका संध्याकाळी मी टेबलावर पडलेले पास उचलून ठेवत होते तेव्हा लक्षात आलं, नाशिकला घरात एक पास होता, माझा. आता तीन होते. माझा डोंबिवली ते सीएसएमटी. नवऱ्याचा कल्याण ते नाशिक रोड. आणि लेकीचा, डोंबिवली ते माटुंगा. तिला अकरावीला कला शाखेसाठी माटुंग्याचंच कॉलेज हवं होतं. ऑनलाइन प्रवेशाच्या पसंतीक्रमात तिने ते पहिलं टाकलं आणि ते मिळालं. मुंबईजवळ आलोय तर मुंबईच्या कॉलेजात का नको, हा तिचा मुद्दा खोडता येण्यासारखा नव्हता.

घराचा प्रवास कमी झालाच नव्हता. तो माझ्या अंगावरून उतरला आणि दोघांत वाटला गेला. माझे रोजचे पाचएक तास वाचले. त्यातले काही नवऱ्याने उचलले, काही लेकीने. नवऱ्याबद्दल मला फारसं वाईट वाटलं नाही. चाळिशी उलटलेला माणूस गाडीत झोपतो, वाचतो, चार लोकांशी ओळख करतो. त्याचा धंदाही पुढे तिथेच वाढला. पण सोळा वर्षांच्या मुलीला डोंबिवलीहून सकाळची फास्ट पकडायला लावणं ही वेगळीच गोष्ट आहे. पहिल्या आठवड्यात तिची ओढणी दारात अडकून फाटली. नंतर ती शिकली. उलट्या दिशेने कल्याणला जाऊन बसून यायचं, कोणत्या लोकलला कुठला डबा त्यातल्या त्यात सुसह्य, दादरला कोणत्या बाजूने उतरायचं. इतर मुलींनी शिकवलं. लोक याला ‘मुंबईने पोरीला धीट केलं’ म्हणतात. झालीही ती धीट. पण घरी येऊन ती रात्री नऊला झोपायची. आता मी साडेसातला घरी, ताजीतवानी, गप्पांना तयार, आणि दार मोकळं.

29 ऑगस्ट 2017 ला मुंबई तुंबली. सकाळीच आसनगावजवळ दुरांतो घसरली होती, त्यामुळे नाशिककडची वाट आधीच बंद होती आणि दुपारपर्यंत लोकलही थांबल्या. नवरा घरच्या गणपतीसाठी आदल्या दिवशी नाशिकला गेलेला, तो तिकडेच अडकला. लेक मैत्रिणीकडे गणपती बघायला दादरला गेलेली, ती तिथेच राहिली. मी बँकेत, खुर्च्या जोडून. धाकटा डोंबिवलीच्या घरात एकटा. शेजारच्या काकूंनी त्याला जेवायला बोलावलं आणि रात्री त्यांच्या मुलाबरोबर झोपवलं. सगळ्यांनी जवळजवळ राहावं म्हणून आम्ही घर हलवलं होतं. त्या रात्री चौघं चार ठिकाणी होतो.

आता धाकट्याचं. त्याच्याकडे पास नव्हता. शाळा घरापासून चालत दहा मिनिटांवर, सेमी इंग्रजी, शिक्षकही चांगले. नाशिकला त्याने संपूर्ण संस्कृत घेतलं होतं आणि इथे हिंदी-संस्कृत संयुक्तच होतं, तेवढी कुरबुर झाली, पण तो विषय मिटला. मिटलं नाही ते धावणं. नाशिकला तो पहाटे भोसलाच्या मैदानावर जायचा. ते मैदान म्हणजे, ज्या गावातल्या पोरांना कविता राऊतचं नाव पाठ असतं, त्या पोरांचं मैदान. 2010 च्या दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने दहा हजार मीटरला पदक मिळवलं तेव्हा हा सहा-सात वर्षांचा होता. शालेय स्पर्धेत चौदा वर्षांखालच्या गटात तो जिल्ह्यापर्यंत पोचला होता, आता सतराखालच्या गटात जाणार होता. डोंबिवलीत क्रीडासंकुल आहे, चांगलं आहे, पण आमच्या घरापासून दुसऱ्या टोकाला, आणि याची शाळा सकाळची. संध्याकाळी जाऊन बघितलं काही महिने. मग सुटलं. मी एकदा त्यावरून बोलले तेव्हा तो शांतपणे म्हणाला, ‘ताईच्या दहावीसाठी एक वर्ष थांबलात ना? माझं काय होतं ते कोणी विचारलं होतं का?’ मी त्याला उत्तर दिलं नाही, कारण त्याने प्रश्न विचारला नव्हता, माहिती दिली होती.

डोंबिवलीबद्दल तक्रार म्हणून हे लिहीत नाही. पहिल्याच दिवाळीत लेक पहाटे नटून फडके रोडवर गेली आणि दुपारी परत आली ती पक्की डोंबिवलीकर होऊन. आमचं तिथे बरं चाललं. पुढे बारावीनंतर तिला कॉलेज निवडायचं होतं तेव्हा तिने एकच अट घातली, वसतिगृहातून चालत जाता येईल असं हवं. पुण्याला गेली. मुंबईत दोन वर्षं लोकलने गेलेल्या मुलीची ती अट होती. तिच्या जागी तिचे वडील किंवा मी असते तर आम्हीही तीच घातली असती.

हल्ली नाशिकच्या बँकांतली तरुण मुलं-मुली मला विचारतात, आता तर समृद्धी झाला, गाडीने अप-डाउन करावं का? समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 ला खुला झाला. कसारा घाटाऐवजी सुमारे पावणेआठ किलोमीटरचा बोगदा, काही मिनिटांत पार. रस्ता उत्तम आहे, मी गेले आहे. पण आमणे म्हणजे मुंबई नव्हे, भिवंडीजवळचं गाव आहे. खरी रांग तिथून पुढे, ठाण्याच्या तोंडाशी लागते. आणि गाडीने रोज जाणारा माणूस स्वतः गाडी चालवत असेल तर पंचवटीत मिळणारी झोप त्याला नाही, पत्ते नाहीत, सरकून जागा देणाऱ्या मावशी नाहीत. टोल आणि डिझेलचा हिशेब ज्याने त्याने करावा. दोन-चार महिन्यांसाठी ठीक, वर्षानुवर्षं कोणी करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

घर हलवायचं का, याचं एकच उत्तर माझ्याकडे नाही. थोरल्याच्या दहावी-बारावीवरून तारीख ठरवताना धाकट्याचं जे काय चालू असेल, धावणं, तबला, बुद्धिबळ, तेही त्याच कागदावर लिहा. तो तुमच्यापुढे मांडणार नाही, तुम्हालाच विचारावं लागेल. निर्णय मुलांवर टाकू नका. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला ‘तू सांग, जायचं का?’ असं विचारून नंतर त्याच्या हो-नाहीचं ओझं त्याच्यावर ठेवणं बरं नाही. आणि नवीन घर बघायला जाल तेव्हा भाडं, पाणी, लिफ्ट बघून झालं की घरातल्या प्रत्येकाच्या नावापुढे लिहा, याला रोज किती तास प्रवास पडणार. मोठ्यांच्या नावापुढचे तास वाढले तर वाढू द्या. अठराच्या आतल्या कोणाच्या नावापुढे दोन तासांच्या वर आकडा दिसला, तर दलालाला नमस्कार करा आणि त्या मुलाच्या शाळा-कॉलेजाजवळचं, एक खोली कमी असलेलं घर घ्या.